'ड्रॅगन टॅटू'वरून वाचकांत तट पडतात, ते नेमके कोणत्या पानांवरून?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वाचनगटाने स्टीग लार्सनची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' ही कादंबरी वाचायला घेतली आणि चर्चेच्या दिवशी वादावादी झाली. काहींनी ती दोन-तीन रात्रींत संपवली आणि आता पुढचा भाग शोधताहेत. एकीने बलात्काराच्या प्रसंगापाशी पुस्तक मिटलं ते मिटलंच. दोघांना सुरुवातीची शंभर पानं ओलांडता आली नाहीत. आणि एका ज्येष्ठ सभासदाने स्पष्ट सांगितलं की बायकांवरच्या अत्याचाराला विरोध करतो म्हणत लेखकाने तोच अत्याचार चवीने रंगवलाय. तुम्ही विचारताय की यात बरोबर कोण, आणि असली पुस्तकं गटात घ्यावीत की नाही.

रहस्यकथांचं संपादन आणि अनुवाद हे माझं रोजचं काम, त्यामुळे या कादंबरीवरचे वाद मी बरेच ऐकलेत आणि काही चालवलेतही. पुढे रहस्य फुटणार आहे. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथेच थांबावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. या पुस्तकात हिंसा दोन तऱ्हांची आहे. नायिका लिस्बेथ सलांदरवर होणारा अत्याचार लार्सनने फार जबाबदारीने लिहिलाय, आणि वाद बहुतेक वेळा त्याच पानांवरून पेटतो. ज्या बायकांचे खून कथेच्या आधीच होऊन गेलेत, त्यांच्या बाबतीत मात्र त्याचा हात सैल सुटलाय, आणि त्याबद्दल चर्चेत सहसा कुणी बोलत नाही. तुमच्या ज्येष्ठ सभासदांचा आरोप खरा आहे, फक्त तो चुकीच्या पानांवर ठेवला जातोय.

लार्सन मूळचा पत्रकार. स्वीडनमधल्या नवनाझी आणि वंशवादी संघटनांवर नजर ठेवणारं 'एक्सपो' हे नियतकालिक १९९५ मध्ये सुरू झालं, त्याच्या संस्थापकांपैकी तो एक. ९ नोव्हेंबर २००४ ला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. तिन्ही कादंबऱ्यांची हस्तलिखितं तोवर प्रकाशकाकडे गेली होती, पण पहिलं पुस्तक स्टॉकहोममध्ये छापून आलं ते २००५ मध्ये. म्हणजे यातलं एकही पुस्तक त्याने हातात घेऊन पाहिलं नाही. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष' असा आहे. इंग्रजी आवृत्ती २००८ मध्ये नव्या नावाने आली आणि आपल्याकडे पोचली ती हीच.

आता पुस्तक पुन्हा उघडा आणि फक्त चार भागांची मुखपानं बघा. प्रत्येक भागाच्या आरंभी एक वाक्य आहे. पहिल्यावर: स्वीडनमधल्या १८ टक्के स्त्रियांना कधी ना कधी पुरुषाने धमकावलेलं आहे. दुसऱ्यावर: ४६ टक्के स्त्रियांनी पुरुषाकडून हिंसा सोसलेली आहे. तिसऱ्यावर: १३ टक्के स्त्रियांवर लैंगिक संबंधाबाहेरच्या पुरुषाकडून गंभीर लैंगिक अत्याचार झालाय. चौथ्यावर: असा अत्याचार झालेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांनी अलीकडच्या घटनेची पोलिसांत तक्रार केलेली नाही. आणि याच भागांना नावं दिलीत ती धंद्याच्या दुनियेतली. तिसऱ्या भागाचं नाव कंपन्यांच्या विलीनीकरणावरून, चौथ्याचं एक कंपनी दुसरीला जबरदस्तीने गिळते त्यावरून. बरेच वाचक ही पानं सजावट समजून उलटतात. कादंबरीचं म्हणणं तिथेच लिहिलेलं आहे: कागदोपत्री सगळं नियमात बसवून लोकांना लुबाडणारा उद्योगपती आणि तळघरात बायकांना मारणारा उद्योगपती, दोघांनाही आजूबाजूच्यांची गप्प बसण्याची सवय सांभाळून घेते.

आता त्या प्रसंगाकडे येऊ. लिस्बेथ चोवीस वर्षांची आहे, कमावती आहे, पण कायद्याने तिला स्वतःचा कारभार सांभाळायला असमर्थ ठरवलंय. तिच्यावर पालक नेमलेला आहे. पहिला पालक म्हातारा, समजूतदार. त्याला झटका येतो आणि त्याच्या जागी निल्स ब्यूरमान नावाचा वकील येतो. तो सुरुवातीलाच तिच्या बँकखात्याचा ताबा घेतो. कॉम्प्युटर मोडला, नवा घ्यायचाय, तर स्वतःच्याच पैशांसाठी तिला त्याच्या ऑफिसात जाऊन मागणी करावी लागते. तो समोर बसून प्रश्न विचारतो, आधी साधे, मग तिच्या खासगी आयुष्याबद्दलचे, सगळे अधिकाऱ्याच्या कोरड्या आवाजात. पहिला अत्याचार त्या टेबलापाशीच होतो, आणि तो उरकल्यावर तो तिला चेक लिहून देतो.

हा चेक मला त्या सगळ्या प्रसंगातली सर्वांत भयंकर वस्तू वाटते. लार्सनने इथे राक्षस उभा केलेला नाही. सही, शिक्का, अहवाल आणि 'तुझ्या भल्यासाठी' ही भाषा हातात असलेला एक सुस्थित माणूस उभा केलाय. त्यानंतर लेखक एक परिच्छेद लिहितो, तो गटात मोठ्याने वाचायला हरकत नाही, कारण त्यात हिंसा अजिबात नाही. लिस्बेथ पोलिसांत का जात नाही याचा तो विचार आहे. तिच्या ओळखीच्या मुलींपैकी अशी एकही नाही जिच्यावर कधी ना कधी बळजबरी झालेली नाही, आणि त्यातली एकही तक्रार करायला गेलेली तिला माहीत नाही. तिच्या जगात हे असंच चालतं. चौथ्या भागाच्या आरंभी जो ९२चा आकडा येतो, त्याच्यामागे काय असतं हे इथे आधीच सांगून झालंय.

दुसरा अत्याचार ब्यूरमानच्या घरी होतो आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी क्रूर आहे. इथे बारकाईने बघा. लेखक आपल्याला दारापर्यंत नेतो, खोलीत नेतो, तिला बांधल्याचं सांगतो, वेदना सुरू होते आणि प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण उघडतं तेव्हा ती आठवडाभर अंथरुणात पडून आहे आणि तिच्या शरीराला काय झालंय ते मोजक्या शब्दांत येतं. मधला वेळ गाळलाय. जो लेखक चवीने रंगवतो तो नेमका हा मधला वेळ लिहितो, आणि लिहिताना नजर करणाऱ्याची ठेवतो. इथे नजर तिची आहे, आणि परिणामाला जागा जास्त आहे.

मग वाचकांना आपण खूप काही 'पाहिलं' असं का वाटतं? एक कारण चित्रपट. स्वीडिश चित्रपट २००९ मध्ये आला, डेव्हिड फिंचरचा २०११ मध्ये. पुस्तक जिथे थांबतं तिथे कॅमेरा थांबत नाही. फिंचरचा चित्रपट आपल्याकडे थिएटरला लागलाच नाही; सेन्सॉर बोर्डाने काही दृश्यं कापायला सांगितली, दिग्दर्शक तयार झाला नाही, आणि २०१२ मध्ये भारतातलं प्रदर्शन रद्द झालं. पुढे लोकांनी तो घरी बसून पाहिला. चर्चेत 'ते दृश्य' म्हणून जे सांगितलं जातं ते पुष्कळदा पडद्यावरचं असतं. म्हणून पुढच्या बैठकीत हा प्रश्न उठला की आधी एवढंच विचारा: हे पानावर आहे की पडद्यावर? पुस्तक काढा, पान शोधा. निम्मा वाद तिथेच मिटेल.

तरी ज्या ताईंनी पुस्तक मिटलं त्यांचं काही चुकलं, असं मी मुळीच म्हणत नाही. जबाबदारीने लिहिलेला प्रसंगही सोसवेलच असं नसतं. 'पुढे ती बदला घेते, थांबायला नको होतं' असं त्यांना कुणी सांगितलं असेल तर ते सांगणं मला पटत नाही. बदल्याचा प्रसंग हा काही अत्याचाराच्या प्रसंगावरचा उतारा नव्हे. लिस्बेथने त्या घरी जाताना बॅगेत छुपा कॅमेरा नेलेला असतो. नंतर ती परत जाते, विजेच्या झटक्याने त्याला पाडते, बांधते, चित्रफीत दाखवते आणि त्याच्या पोटावर त्याचा गुन्हा गोंदवते. बहुतेकांना इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मलाही तो प्रसंग जोरकस वाटतो. पण त्या जोराखाली काय आहे ते बघा: कायदा, पोलीस, न्यायालय यांतलं काहीही या मुलीला उपयोगाचं नाही, म्हणून तिला हे स्वतः करावं लागतं. टाळी वाजवणारा आणि अस्वस्थ होणारा, दोघेही एकच पान वाचताहेत.

आता पुस्तकाची पडती बाजू. कोडं असं आहे: १९६६ मध्ये, बेटाला गावाशी जोडणाऱ्या पुलावर अपघात होऊन वाट बंद झालेली असताना, वांगेर घराण्यातली सोळा वर्षांची हॅरिएट नाहीशी होते. तिचे आजोबांसारखे असलेले हेन्रिक काका छत्तीस वर्षं तिचा खुनी शोधताहेत. दरवर्षी वाढदिवसाला त्यांना चौकटीत बसवलेलं एक वाळवलेलं फूल येतं, आणि ते खुनीच पाठवतो अशी त्यांची समजूत आहे. बेअब्रूच्या खटल्यात शिक्षा झालेला पत्रकार मिकाएल ब्लूमक्विस्ट हे काम घेतो. हॅरिएटच्या वहीत पाच नावं किंवा आद्याक्षरं आणि त्यांपुढे पाच आकडे सापडतात. ते टेलिफोन नंबर वाटतात, पण ते बायबलमधल्या लेवीय या पुस्तकातल्या वचनांचे क्रमांक निघतात, आणि प्रत्येक वचनाबरहुकूम एकेका बाईचा खून झालेला असतो.

इथे लिस्बेथ एकेक प्रकरण शोधून काढते आणि त्या बायका आपल्यापुढे येतात: नाव, गाव, साल, मारण्याची तऱ्हा, आणि ती तऱ्हा कोणत्या वचनाशी जुळते ते. पुढची बाई. पुढची तऱ्हा. १९४९ मधल्या रेबेकाबद्दल आपल्याला किती कळतं? तिला कसं मारलं ते सविस्तर कळतं. ती कशी होती, तिच्यामागे कोण रडलं, हे जवळजवळ नाहीच. या बायका कोड्यातल्या चौकटी भरायला आणलेल्या आहेत, आणि वचन जुळल्याचा जो आनंद वाचकाला होतो तो त्यांच्या छिन्नविच्छिन्न शरीरांवर उभा आहे. बायकांना वस्तू समजणाऱ्यांविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात हे व्हावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. संपादक म्हणून माझ्यापुढे हे हस्तलिखित असतं तर याच प्रकरणांवर मी लेखकाशी सर्वांत जास्त बोलले असते. तुमच्या ज्येष्ठ सभासदांना सांगा, त्यांचा मुद्दा इथे ठेवला तर तो खोडायला फार अवघड आहे.

शेवटाकडे वळते, कारण खरी चर्चा मला तिथे व्हायला हवी आहे. खुनी निघतो हॅरिएटचा भाऊ मार्टिन, वांगेर कंपनीचा प्रमुख. त्यांचा बाप गॉटफ्रिड आधीचे खून करत होता आणि मुलाला त्यात ओढत होता. बाप हॅरिएटवर अत्याचार करायचा. बाप मेल्यावर मार्टिन करू लागला. ती ऑस्ट्रेलियाला पळून गेली, आणि फुलं तीच पाठवत होती, आपण जिवंत आहोत हे काकांना कळावं म्हणून. मार्टिन मात्र आणखी सदतीस वर्षं बायका मारत राहिला: एकट्या, परक्या देशातून आलेल्या, ज्यांच्या चौकशीला कुणी येणार नाही अशा. तो पळताना ट्रकवर गाडी घालून मरतो, म्हणजे खटलाही होत नाही.

आणि मग ब्लूमक्विस्ट, जो एका बातमीपायी तुरुंगात जाऊन आलाय, ही बातमी दडपायचं ठरवतो. हॅरिएटला पुन्हा जगापुढे उभं करायला नको म्हणून. लिस्बेथ अटी घालते: मार्टिनच्या नोंदींवरून जमेल तितक्या बायकांची ओळख पटवा, त्यांच्या कुटुंबांना भरपाई द्या, आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांना आधार देणाऱ्या संघटनेला कंपनीने दरवर्षी देणगी द्यावी. कागदावर हिशेब जुळतो. पण कुठल्यातरी गावातल्या एका आईला भरपाई मिळेल आणि मुलीचं काय झालं ते जगाला कधीच कळणार नाही. एका श्रीमंत घराण्याच्या मुलीची अब्रू वाचवण्यासाठी गरीब, परदेशी बायकांचे खून गुलदस्त्यात राहिले. हे बरोबर झालं का? मला विचाराल तर नाही. पण हॅरिएटकडे पाहिलं की 'छापायलाच हवं होतं' हेही मला ठामपणे म्हणवत नाही.

गंमत अशी नाही की लेखकाला हे दिसलेलं नाही; त्याला दिसलंय आणि त्याने ते भांडण आपल्या दोन मुख्य पात्रांत लावून दिलंय. ब्लूमक्विस्ट म्हणतो, मार्टिनला बापाने घडवलं. लिस्बेथ ते झटकून टाकते. सोसलेलं अनेकांनी असतं, प्रत्येक जण काय करायचं ते स्वतः ठरवतो. हॅरिएटवरही ती संतापते: तिने तेव्हाच तोंड उघडलं असतं तर मार्टिनला इतकी वर्षं मोकळं रान मिळालं नसतं. सोळा वर्षांच्या पीडित मुलीबद्दल एक पीडित मुलगी इतकं कठोर बोलते, हे मला पुस्तकातलं सर्वांत धीट लिहिणं वाटतं. आणि हीच लिस्बेथ स्वतः पोलिसांत गेलेली नाही. हा विरोधाभास तिला दिसतो की नाही, यावर तुमच्या गटाची एक अख्खी संध्याकाळ जाईल आणि जावी.

सुरुवातीच्या पाल्हाळाबद्दल. ज्या दोघांनी पुस्तक सोडलं त्यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. ज्याच्या खटल्यात ब्लूमक्विस्टला शिक्षा झाली त्या वेनरस्ट्रम नावाच्या उद्योगपतीच्या पोलंडमधल्या घोटाळ्याचं प्रकरण, वांगेर घराण्याची वंशावळ, कुणाच्या लॅपटॉपमध्ये काय आहे याचा तपशील, हे सगळं आखडतं घेता आलं असतं. खुनी सापडल्यावरही पुढे बरीच पानं वेनरस्ट्रमचा हिशेब चालतो आणि तिथे अनेक जण दमतात. पण मधला संथ भाग मात्र मी कुणाला कापू देणार नाही. १९६६ च्या मिरवणुकीचा एक फोटो असतो. हॅरिएट गर्दीत उभी आहे आणि समोर काहीतरी पाहून तिचा चेहरा बदललाय. तिने काय पाहिलं? ब्लूमक्विस्ट त्याच दिवसाचे इतर फोटो गोळा करतो, त्यात मागे एक बाई कॅमेरा डोळ्याला लावून उभी दिसते, म्हणजे तिच्या फोटोत हॅरिएट जे बघत होती ते असणार. मग एका गाडीवरच्या पुसट अक्षरांवरून तो त्या जोडप्याचं गाव शोधतो, थेट उत्तरेकडच्या नोर्शोपर्यंत जातो. चार दशकांपूर्वीचा अल्बम उघडेपर्यंत आपण श्वास रोखून बसतो, आणि या सगळ्यात रक्ताचा थेंब नाही. ज्यांना हिंसा नको पण रहस्य हवं, त्यांना ही प्रकरणं जरूर सुचवा.

ब्लूमक्विस्टला भेटणारी जवळपास प्रत्येक स्त्री त्याच्याकडे ओढली जाते, ही तक्रार तुमच्या गटात निघाली नसेल तर आश्चर्य आहे. ती तक्रार रास्त आहे. लेखकाने आपल्या पत्रकार नायकाचे नको तितके लाड केलेत.

आपल्याकडच्या वाचकांची एक अडचण मला वारंवार दिसते. आपल्या कित्येक घरांत रहस्यकथा शिरली ती बाबूराव अर्नाळकरांच्या हातून. झुंजार किंवा काळापहाड आला की गुन्हेगाराची खैर नाही, आणि शेवटचं पान मिटताना जग पुन्हा जागेवर आलेलं असतं. तो आनंद खरा आहे आणि मला तो आजही हवासा वाटतो. स्वीडनमधली परंपरा दुसरीकडून येते. माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात पोलीस अधिकारी मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या त्या मुळी सुखी, कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्यव्यवस्थेची झाडाझडती घ्यायला. लार्सन त्या घरातला आहे. तिथे खुनी सापडला तरी जग जागेवर येत नाही. 'शेवट पटला नाही' म्हणणाऱ्यांपैकी काहींना शेवट पटलेला असतो, फक्त आवडलेला नसतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढायला लावल्या की बोलणं पुढे सरकतं.

राहिलं ते 'घ्यावीत का' हे. घ्यावीत, पण पुस्तक ठरवतानाच सांगून टाकावं की यात लैंगिक हिंसा आहे, साधारण कुठल्या प्रकरणात आहे, आणि ती पानं गाळून आलं तरी चर्चेला बसता येईल. रहस्य फुटेल म्हणून हे सांगायचं टाळू नका; कोण खुनी ते सांगायची गरजच पडत नाही. गटात कुणी काय सोसलेलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं आणि ते विचारायचंही नसतं. 'तुम्हाला झेपलं नाही' हे वाक्य बैठकीत येऊ देऊ नका. आणि मत सांगताना प्रत्येकाने एक पान नेमकं दाखवावं असा नियम करा. 'फार हिंसक आहे' यावर बोलताच येत नाही. 'रेबेकाच्या खुनाचं वर्णन मला खटकलं, कारण तिच्याबद्दल दुसरं काहीच सांगितलं नाही' यावर तासभर बोलता येतं.

दुसरा भाग घ्यायचा विचार असेल तर आधी हे ध्यानात घ्या की त्यात ब्यूरमान परत येतो, देहविक्रयासाठी होणारी बायकांची तस्करी हा मुख्य विषय आहे, आणि लिस्बेथला असमर्थ का ठरवलं गेलं ते बालपणापासून उलगडतं. ज्यांना ती मुलगी आवडली आहे त्यांना तो भाग वाचल्याशिवाय चैन पडणार नाही. ज्या ताई थांबल्या, त्यांना मधल्या काळात मार्टिन बेकची एखादी कादंबरी द्या.